अर्ध्या मापाचा चेहरा

अंघोळीनंतर आरशावर वाफ धरलेली असेल तेव्हा एक डोळा मिटा आणि ओल्या बोटाने आपल्या चेहऱ्याची कड काचेवर गिरवा. केस जिथे सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग बाजूला होऊन त्या आकृतीला पट्टी लावा. खरा चेहरा साधारण वीतभर असेल, तर काचेवर निघालेला चेहरा त्याच्या बरोबर निम्मा भरेल. थोडं पुढे सरका, हात पुरेल तितकं मागे या, पुन्हा गिरवा. माप तेच. रोज सकाळी आपण ज्याला आपला चेहरा म्हणून पाहतो, ती काचेवरची एक छोटीशी आकृती असते आणि ते आयुष्यभर आपल्या लक्षात येत नाही.

कारण साधं आहे. आपण आरशापुढे जितके दूर उभे असतो, तितकीच दूर आपली प्रतिमा काचेच्या पलीकडे असते. काच बरोबर मध्यावर. डोळ्यापासून प्रतिमेपर्यंत जाणाऱ्या रेषा अर्ध्या वाटेवर काचेला छेदतात, म्हणून तिथे आकारही अर्धाच असतो. शाळेच्या भूमितीतले समरूप त्रिकोण. एर्न्स्ट गॉम्ब्रिख या कलेतिहासकाराने १९६० साली आपल्या पुस्तकात वाचकांना हाच प्रयोग करायला सांगितला होता. त्याला दाखवायचं होतं ते असं की डोळ्यांपुढे जे आहे ते आपण पाहत नाही, आपल्याला जे ठाऊक आहे ते पाहतो.

आता विचार करा, स्वतःचं चित्र काढायला बसलेल्या माणसाचं काय होत असेल! जगातला कुठलाही चेहरा त्याला थेट बघता येतो, फक्त स्वतःचा येत नाही. जो दिसतो तो अर्ध्या मापाचा आणि उलटा. उजव्या गालावरचा तीळ आरशात समोरच्या माणसाच्या डाव्या गालावर असतो. उजव्या हाताने रंगवणारा चित्रकार आपल्याच चित्रात डावखुरा होऊन बसतो. १९७७ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी एक सुंदर गोष्ट तपासली. त्यांनी माणसाचा एक सरळ फोटो घेतला आणि एक आरशासारखा उलटा. ज्याचा फोटो त्याला उलटा जास्त आवडला, त्याच्या मित्रमंडळींना सरळ. ज्याची ज्याला सवय, ते त्याला बरं वाटलं. म्हणजे आपल्या सगळ्यात जवळच्या माणसांच्या मनात आपला जो चेहरा आहे, तो आपल्याला थोडा परका वाटतो.

नजरेचंही तसंच. आरशात पाहून रंगवणाऱ्याला स्वतःला दुसरीकडे बघताना पकडणं फार कठीण. डोळे वळवले की दिसायचं बंद. म्हणून जुन्या आत्मचित्रांतली माणसं आपल्याकडे इतकी रोखून बघतात. खरं तर ती आपल्याकडे बघतच नाहीत. ती स्वतःला बघतायत आणि आपण मध्ये येऊन उभे राहिलोय.

पनवेलजवळच्या कळंबोलीत राहणाऱ्याला आरशाच्या अशा खोडीचा दुसरा नमुना रोज बघायला मिळतो. स्टील मार्केटच्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रेलर ओळीने लागलेले असतात आणि त्यांच्या आरशांत एखादा फुगीर असतोच. त्याच्या जवळ तोंड नेलं की नाक पुढे येतं, कान मागे पळतात, खांदे आक्रसतात, आणि मागचा सगळा रस्ता, सर्कलचा पूल, पत्र्याच्या शेड एका वाटोळ्या कडेत वाकून बसतात. इटलीतल्या पार्मिजानिनो नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराने १५२४ च्या सुमारास अशाच एका फुगीर आरशात स्वतःला पाहिलं. त्याने सुताराकडून लाकडाचा तेवढाच फुगीर गोल करून घेतला आणि त्यावर जे दिसलं ते जसंच्या तसं रंगवलं: पुढे भलामोठा हात, मागे देखणं, शांत तोंड, कडेला वाकलेली खोली. व्हिएन्नाच्या संग्रहालयात ते चित्र आहे, एका ताटलीएवढं. पाचशे वर्षांपूर्वीच कुणीतरी कबूल करून ठेवलं की आरसा काय दाखवतो हे आरशाच्या आकारावर ठरतं.

तरीही शेकडो वर्षं आत्मचित्राचं काम मुख्यतः एकच होतं: मी असा दिसतो. रेम्ब्रांटने तरुणपणापासून मरेपर्यंत चाळीसच्या आसपास तैलचित्रांत स्वतःला रंगवलं आणि म्हातारपण एकेक सुरकुती करून कसं येतं ते दाखवलं. व्हॅन गॉगने स्वतःलाच पुन्हापुन्हा बसवलं, कारण मॉडेलला द्यायला पैसे नसत. पण कॅमेरा आल्यावर दिसण्याचं काम कॅमेऱ्याने घेतलं आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर चित्रकारांनी स्वतःच्या चेहऱ्याला निराळेच प्रश्न विचारायला घेतले. पाउला मोडरसोन-बेकर ही जर्मन चित्रकार १९०६ साली पॅरिसमध्ये होती. नवऱ्याला सोडून आलेली, वय तीस. लग्नाच्या वाढदिवशी तिने स्वतःला कमरेपर्यंत उघडं रंगवलं, गळ्यात मण्यांची माळ, पोटावर हात, आणि ते पोट गर्भार बाईचं. ती तेव्हा गर्भार नव्हती. म्हणजे आरशात जे नव्हतं ते तिने रंगवलं. पुढच्या वर्षी तिला मूल झालं आणि बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली. १९३४ मध्ये पॅरिसमध्येच अमृता शेरगिलने स्वतःला ताहिती बेटावरची बाई म्हणून रंगवलं. अंगावर वरचं वस्त्र नाही, हात पुढे घेतलेले, मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली. गोगँ या फ्रेंच चित्रकाराने ताहितीच्या बायका रंगवल्या होत्या. शेरगिलने त्या बाईच्या जागी स्वतःला उभं केलं आणि ती मागची सावली चित्रात ठेवून दिली. एकविसाव्या वर्षी इतकं धाडस कुठून येतं, मला कळत नाही. मी फक्त थक्क होते.

मराठी आणि कोकणी मुलखातलं याच जातीचं चित्र शोधायचं, तर कळंबोलीहून फार लांब जावं लागत नाही. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता सुटतो, पूर्वीचा १७ नंबरचा, आता ६६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. कोकण उभं पार करत तो गोव्यात उतरतो. तिथे बार्देश तालुक्यात साळगाव आहे. १२ एप्रिल १९२४ रोजी तिथे एका कॅथलिक घरात न्यूटन सूझा जन्मला. वडील शिक्षक. ते गेले तेव्हा मुलगा अवघा काही महिन्यांचा होता. थोड्याच काळात थोरली बहीण गेली. मग या मुलाला देवी आल्या.

देवी म्हणजे काय हे आज चाळिशीच्या आतल्या कुणालाही सांगावं लागेल. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत देवीचे वण असलेली तोंडं प्रत्येक गल्लीत होती. अंगभर फोड उठत, त्यातही चेहऱ्यावर सगळ्यात दाट. त्वचेतल्या तेलग्रंथी त्या फोडांनी जळून जात आणि बरं झाल्यावर तिथे खड्डे राहत, कायमचे. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९८० मध्ये जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. साळगावचं ते पोर वाचलं. आईने गोंयच्या सायबाला, सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला होता: पोर जगलं तर त्याला पाद्री करीन. पोर जगलं, त्याच्या नावापुढे फ्रान्सिस लागलं. पाद्री मात्र तो झाला नाही. फ्रान्सिस न्यूटन सूझा, भारतातल्या आधुनिक चित्रकलेतलं एक सगळ्यात धारदार नाव.

मला वाटतं, त्याच्या चित्रांकडे जाण्याची वाट या वणांतून जाते. ज्याच्या चेहऱ्यावर असं काही घडून गेलेलं असतं, त्याला चेहरा म्हणजे नाक-डोळ्यांची मांडणी वाटतच नसेल. चेहरा म्हणजे जिथे काहीतरी घडलं ती जागा. आणि त्याला लहानपणीच हेही सांगितलं गेलं होतं की तू मरणार होतास, कुणाच्या तरी शब्दावर राहिलास.

आई त्याला घेऊन मुंबईला आली आणि शिवणकामावर घर चालवू लागली. झेवियर्स शाळेतून त्याला काढलं. संडासाच्या भिंतीवर अश्लील चित्रं काढल्याचा आरोप होता. त्याचं स्वतःचं म्हणणं असं की चित्रं दुसऱ्यांचीच होती, रेखाटन कच्चं होतं म्हणून त्याने ते दुरुस्त केलं. १९४० मध्ये तो सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आला आणि १९४५ मध्ये स्वातंत्र्य चळवळीतल्या हालचालींवरून तिथूनही बाहेर काढला गेला. सांगतात की त्या दिवशी घरी जाऊन त्याने ट्यूबमधला रंग थेट फळीवर पिळला आणि पॅलेट नाइफने संतापाच्या भरात एक निळी बाई रंगवली. ‘द ब्लू लेडी’ पुढे बडोद्याच्या संग्रहालयाने विकत घेतली. १९४७ मध्ये त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. बरोबर चित्रकार रझा, हुसेन, आरा, अमरावतीकडचे ह. अ. गाडे आणि मूर्तिकार सदानंद बाकरे. बाकरे पुढे परदेशात राहून आले आणि उतारवयात मुरूड-हर्णैला जाऊन राहिले. ही माणसं, त्यांचे वाद, त्यांची गरिबी, यावर मराठीत खूप लिहिलं गेलंय, ते पुन्हा सांगत बसत नाही.

१९४९ मध्ये सूझा पंचवीस वर्षांचा होता. त्या वर्षी त्याने स्वतःचं एक पूर्ण नग्न, समोरून उभं असलेलं चित्र मुंबईत प्रदर्शनात मांडलं. अश्लील म्हणून तक्रार झाली. चित्र प्रदर्शनातून हटवलं गेलं आणि पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. त्याच वर्षी त्याने लंडनची बोट धरली.

या घटनेवर मला जरा थांबायचं आहे. ती सहसा ‘बंडखोर कलावंत आणि सनातनी समाज’ अशी एका वाक्यात उरकली जाते. जे. जे. मध्ये नग्न मॉडेल समोर बसवून अभ्यास करण्याचे वर्ग १९१९ च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख होते तेव्हा सुरू झाले होते. म्हणजे सूझाच्या चित्राआधी तीस वर्षं मुंबईत कला शिकणारी पोरं नग्न देह रंगवत होती. वर्गात मॉडेलच्या अंगावर कपडे नसत, पण चित्रकाराच्या अंगावर असत. मॉडेलचं नाव चित्राखाली येत नसे, चित्रकाराचं येई. बघणारा एक आणि बघितलं जाणारा दुसरा, ही वाटणी इतकी ठरलेली होती की कुणाला ती वाटणी वाटतही नव्हती. सूझाने ती मोडली. बघणारा आणि बघितला जाणारा एकच, नाव एकच, आणि कपडे कुणाच्याच अंगावर नाहीत. जर्मनीत ड्यूररने त्याआधी सुमारे साडेचारशे वर्षं स्वतःला असं कागदावर उतरवलं होतं, व्हिएन्नात एगॉन शीलने १९१० च्या आसपास. मुंबईत, स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत, भर प्रदर्शनात हे करणं म्हणजे आपल्या शरीराला साक्षीला उभं करणं होतं. मी ते चित्र धाडसाचं मानते, आणि धाडसाहूनही जास्त प्रामाणिकपणाचं. दुसऱ्या कुणाचं अंग वापरून त्याला देहाविषयी बोलायचं नव्हतं.

लंडनमध्ये पहिली काही वर्षं खूप हलाखीत गेली. बायको मारिया नोकरी करी आणि घर चाले. मग १९५५ साल उजाडलं. कवी स्टीफन स्पेंडरने आपल्या ‘एन्काउंटर’ मासिकात सूझाचा आत्मकथनपर लेख छापला, गॅलरी वनमध्ये प्रदर्शन झालं आणि सगळी चित्रं विकली गेली. याच काळात त्याच्या चित्रांत ते डोकं पक्कं झालं, जे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

ते डोकं कसं असतं ते सांगते. आधी काळी, जाड, एका दमात ओढलेली बाह्यरेषा. चर्चच्या खिडकीत रंगीत काचा शिशाच्या पट्टीने जोडलेल्या असतात तशी ती रंगाचे तुकडे धरून ठेवते. डोळे जिथे असायला हवेत तिथे नसतात. ते वर, थेट कपाळात सरकलेले असतात, कधीकधी केसांच्या मुळाशी. मधली जागा रिकामी राहत नाही, तिथे लांबच लांब नाक उतरतं, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेघांनी भरलेलं. तोंड उघडं, दात वरखाली दोन्ही रांगांत मोजता येतील असे. गालांवर, मानेवर, कपाळावर आडव्याउभ्या बारीक रेघांची जाळी. ही जाळी जवळून पाहिली की मला ती सावलीसाठी काढलेली वाटत नाही. सावलीच्या रेघा एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ होत जातात. या रेघा कातडीवर टोचल्यासारख्या बसतात. वण बसतात तशा.

कपाळातले डोळे कुठून आले याची अनेक उत्तरं आहेत. सूझाला स्पेनमधल्या जुन्या रोमनेस्क चर्चमधली ताठ, मोठ्या डोळ्यांची चित्रं प्रिय होती. १९४८ मध्ये दिल्लीत भारतीय शिल्पकलेचं मोठं प्रदर्शन भरलं, ते पाहायला तो आणि हुसेन मुद्दाम गेले होते आणि मथुरेच्या मूर्तींनी दोघेही भारावून परतले. पिकासो तर तेव्हा सगळ्यांच्याच डोक्यात होता. पण मला त्या डोळ्यांपाशी आणखी एक गोष्ट आठवते, आणि ती प्रयोगशाळेतली आहे.

जोवान्नी कापुतो या इटालियन संशोधकाने २०१० मध्ये एक छोटासा निबंध छापला. त्याने ५० माणसांना एकेक करून मंद उजेडाच्या खोलीत आरशापुढे बसवलं आणि दहा मिनिटं स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहायला सांगितलं. मिनिटभरातच चेहरे बदलू लागले. ६६ टक्के लोकांनी सांगितलं की त्यांचा चेहरा भयंकर वेडावाकडा झाला. काहींना आरशात आईबापांपैकी कुणी दिसलं, काहींना अनोळखी माणूस, काहींना प्राण्याचं तोंड, आणि जवळपास निम्म्यांना अद्भुत किंवा राक्षसासारखं तोंड. ही सगळी धडधाकट माणसं होती. एक स्पष्टीकरण असं की एकाच ठिकाणी नजर खिळवली की आजूबाजूचे तपशील मेंदूच्या लेखी पुसट होत जातात, आणि मग मेंदू त्या रिकाम्या जागा स्वतःच्या साठ्यातून भरतो. भुवई सुटते, डोळा सरकतो, तोंड पसरतं.

सूझा असा आरशापुढे बसून काढत होता असं मी म्हणत नाही. त्याची रेघ वेगाने धावणारी होती. पण या प्रयोगाने मला एक गोष्ट पटवली. सरकलेले डोळे, फाकलेलं तोंड, ओळख हरवलेला चेहरा ही आधुनिक चित्रकाराची लहर नाही. स्वतःकडे खूप वेळ बघितलं तर कुणाच्याही मेंदूत तो चेहरा तयार होतो. आपण इतका वेळ बघत नाही, एवढंच. दात घासतो, केस विंचरतो आणि निघतो.

१९५५ चंच एक चित्र आहे, ‘मिस्टर सेबास्टियन’. एक माणूस कोट घालून, टाय लावून समोर उभा आहे, लंडनच्या कुठल्याही ऑफिसात शोभेल असा. त्याच्या मानेत आणि चेहऱ्यात बाण घुसलेत. हे चित्र पाहून अनेकांना हा सूझाच असं वाटलंय, आणि मीही त्यांतलीच. सेंट सेबास्टियन हा रोमन काळातला संत. त्याला झाडाला बांधून बाणांनी विंधलं, तरी तो मेला नाही, अशी कथा. युरोपात शेकडो चित्रकारांनी त्याला रंगवलं, बहुतेकांनी उघड्या अंगाचा, देखणा, आकाशाकडे बघणारा. सूझाने त्याला ‘मिस्टर’ केलं, कपडे घातले आणि बाण अंगातून काढून तोंडावर आणले.

आणि इथे मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. युरोपात प्लेग आला की लोक याच सेबास्टियनचा धावा करत. कारण जुन्या ग्रीक समजुतीप्रमाणे साथ म्हणजे देवाने सोडलेले बाण. अपोलो रागावला की बाण मारतो आणि माणसांच्या अंगावर रोग उठतो. अंगभर बाण लागूनही जो जगला, तोच साथीतून वाचवील, असा हा हिशेब होता. गोव्यातही सेबास्टियनची चॅपलं आहेत, पणजीच्या फोंतेन्हासमधलं तर सगळ्यांना ठाऊक आहे. साथीच्या रोगातून वाचलेल्या, तोंडावर खुणा घेऊन जगलेल्या कॅथलिक मुलाने मोठेपणी कोट-टाय घातलेल्या माणसाच्या तोंडात बाण रोवावेत, हा योगायोग असू शकतो. मला तो योगायोग वाटत नाही. आत्मचित्र म्हणून सही केलेली नसतानाही एखादं चित्र आत्मचित्र कसं होतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. इथे चित्रकाराने आरसा बाजूला ठेवलाय आणि आपल्या चेहऱ्याची गोष्ट एका संताच्या हवाली केलीय.

१९६६ मध्ये त्याने आणखी एक पाऊल टाकलं. लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत त्याने काळ्यावर काळ्याने रंगवलेली चित्रं मांडली. डोकी, बायका, निसर्गदृश्यं, सगळं काळं. समोर उभं राहिलं तर एक काळी फळी दिसते. एक पाऊल डावीकडे सरकलं की उजेड तिरपा पडतो आणि नाक उगवतं. आणखी सरकलं की डोळा. रंग इतका जाड थापलेला असतो की त्याच्या उंचवट्यांवर आणि खाचांवर प्रकाश वेगवेगळा चमकतो, आणि चित्र त्या चमकेतून तयार होतं. रंगांचा फरक शून्य, फरक फक्त पृष्ठभागाचा. कातडीवरचे वणही असेच दिसतात: रंग सारखाच, पण उजेड कडेने पडला की खड्डे कळतात. या चित्रांचा फोटो काढता येत नाही, म्हणजे काढता येतो पण त्यात एका वेळी एकच कोन येतो. पुस्तकात किंवा मोबाइलवर ही चित्रं पाहणं म्हणजे जवळपास न पाहणं.

पुढे सूझा न्यूयॉर्कला गेला. रसायनं वापरून मासिकांच्या छापील पानांवरची शाई विरघळवत त्यावर त्याने चित्रं काढली. त्यांतली काही मला आवडतात, बरीच आवडत नाहीत. हात तोच असला तरी तातडी कमी झालेली दिसते. १९५० च्या दशकातल्या त्या डोक्यांमध्ये जी निकड आहे, ती त्याला पुन्हा क्वचितच सापडली, असं माझं मत आहे. २८ मार्च २००२ रोजी तो मुंबईत वारला आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरलं.

कळंबोलीतून त्याची चित्रं बघायला जाणं सोपं आहे, म्हणून हे सगळं लिहिलं. मानसरोवर किंवा खांदेश्वरहून हार्बरची सीएसएमटी लोकल धरायची. वाटेत शिवडी लागतं. सीएसएमटीला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जाता येतं. तिथे सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, आणि समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक चित्रांचा संग्रह आहे. सूझा आणि त्याचे सोबती दोन्हीकडच्या संग्रहांत आहेत. भिंतीवरची चित्रं मात्र दर प्रदर्शनाला बदलतात, तेव्हा निघण्याआधी सध्या काय लावलंय याची चौकशी करा. चित्रकला शिकणारं किंवा नुसतं चित्र काढणारं कुणी घरात असेल तर त्याला बरोबर न्या. आणि सूझाचं एखादं डोकं समोर आलं तर आधी शेजारची पाटी वाचू नका. त्या तोंडापुढे पाच मिनिटं उभं राहा, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बघा, आणि मगच नाव वाचा.